एकशे बारा दिवे

घरपट्टी चारशे बारा, दिवाबत्ती साठ,
कचऱ्याचा दिवसाला एक, म्हणजे तीनशे पासष्ट.
आठशे सदतीस. पंचायतीच्या खिडकीपाशी
उभ्या उभ्या बेरीज दोनदा केली. सवय.
एकतीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली,
धक्का सुटायच्या आत गाड्या मोजल्या;
रात्री चार आणे कमी आले
तर ते माझ्या खिशातून गेले,
आणि जास्त आले तर झोप गेली.

पावती निळी, शिक्का अर्धाच उमटलेला.
बाजूच्या भिंतीवर वर्षाचा खर्च डकवलेला:
रस्त्यावरचे दिवे, दुरुस्ती, नग एकशे बारा.
रक्कम वाचायला चष्मा पुसावा लागला.

त्या रात्री बॅटरी घेऊन निघालो.
देऊळवाड्यावर एकवीस.
इगर्जीपासून तिठ्यापर्यंत सतरा,
त्यातला एक भर दुपारीही जळतो.
उपसरपंचांच्या फाटकासमोर पाच,
तिथल्या पालीसुद्धा खाऊन खाऊन लठ्ठ.
बाकी वाड्यांवर मिळून एकावन्न.
पुढे मानशीचा बांध, तिथं खांबच नाहीत,
नुसती खारफुटी आणि पाण्याचा वास.
आपोलिना बाय कुर्ल्या धरत बसली होती.
‘कितें सोदता रे, रोहिदास?’
‘दिवे.’
तिनं आपला कंदील वर केला:
‘हो धर हिशेबांत. तेल म्हजें.’

कंदील सोडून चौऱ्याण्णव.
उलटा चालत आलो. चौऱ्याण्णवच.

ग्रामसभा शाळेत, पहिलीच्या बाकांवर,
गुडघे हनुवटीला लावून बसलेला अख्खा गाव.
मी विचारलं, अठरा दिवे कुठे आहेत?
सरपंचांनी पंख्याकडे बघितलं.
पंच म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही.
सेक्रेटरी, बापडा, दोन पंचायतींना मिळून एक,
मान खाली घालून लिहीत राहिला; काय, ते दिसलं नाही.
मागून कुणीतरी: ‘बस रे, समोसे थंड जातात!’
लोक हसले. मीही थोडा हसलो,
याची लाज घरी गेल्यावर वाटली.

मग माहितीचा अर्ज. दहा रुपये.
पानाला दोन, पानं तेवीस, शेहेचाळीस.
माझे पैसे कुठे गेले हे वाचायचे पैसे.
सुटे दिले.

पान एकोणीस. ठराव क्रमांक सात.
दिव्यांच्या दुरुस्तीचा खर्च सर्वानुमते मंजूर.
सूचक: वॉर्ड चारचे पंच.
अनुमोदक: श्री. रोहिदास हळर्णकर.

हळर्णकर मीच.

आठवलं. त्या रविवारी उशीर झाला होता,
वही हातोहात फिरत होती, हजेरीची म्हणाले,
मी सही केली, कागदी बशी घेतली,
बाहेर जावयाची गाडी हॉर्न देत होती.
सहीच्या वर तळहाताएवढी जागा कोरी होती.
मी ती पाहिली होती का?
पाहिली असणार. एकतीस वर्षं हेच तर पाहत होतो.
आता तिथं ठराव आहे, सुवाच्य अक्षरात.
आणि सही खोटी म्हणायची सोय नाही,
‘ह’ची शेपटी इतकी लांब गावात मीच ओढतो.

दोन दिवस कुणाशी बोललो नाही.
बायकोनं विचारलं, पोट बिघडलंय का?
हो म्हटलं.

पुढच्या सभेला वही आली.
आधी वरचं पान वाचलं, मग त्याच्या मागचं.
रांग तटली. ‘रोहिदासबाब, बेगीन!’
‘थांबा.’
छातीच्या खिशातलं पेन काढलं
आणि शेवटच्या ओळीपासून सहीच्या जागेपर्यंत
कोऱ्या कागदावर तिरपी रेघ मारली,
शेवटची फेरी लागल्यावर
तिकीटबुकात मारायचो तशी,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.
खाली सही. शेपटीसकट.

समोसा मात्र घेतला.
हिशेबात तोही आहे.