पाटी

छावणीच्या क्लबात सागवानी पाटी,
राष्ट्रीय खुल्या गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची.
वर्षाला एक ओळ. आता मी रंगवतो,
आधी अब्बा. इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांना,
पण वळण असं
की गोऱ्या साहेबांची नावंही देखणी दिसत.

बहात्तरची ओळ कोरी आहे.
जिंकलं असेल कुणीतरी, तिकडे हिरवळीवर.
इथे मैदानाला भेगा,
चेंडू पडला की गडप.
अब्बा जालना रस्त्यावर खडी फोडत होते.

त्र्याहत्तरपासून अक्षरं जरा डावीकडे कलतात.

नवे सेक्रेटरी म्हणाले,
मकदूम, सगळी पाटी नव्याने लिही,
ती रिकामी जागाही भर, नाव शोधून देतो.

मी म्हणालो, सोनेरी संपलाय.
पिशवीत डबा जड लागत होता.