बिनगळाची माशी

रात्रीचे साडेअकरा. ऊन अजून बर्चच्या कमरेला.
खिडकीपाशी बसून मी माशी बांधते आहे.
चिमट्यात गळ, गळावर काळा रेशमी दोरा,
त्यावर रेनडिअरच्या पोटाचे चार केस,
आणि कुठल्याशा उन्हाळ देशातल्या कोंबड्याच्या मानेचं
तांबूस पीस, जे टपालानं आलं
आणि इथल्या थंडीतही अजून ताठ आहे.

शेवटची गाठ. थेंबभर वार्निश.
मग पक्कड घेते
आणि गळाचं वाकडं टोक कट्‌कन तोडून टाकते.

मांजर तेवढं कान वळवतं.

तीन उन्हाळे झाले नदी बंद होऊन.
कागद राजधानीतून आला, दोन भाषांत,
त्यातली एकही माझ्या आईची नव्हती.
मासे मोजले म्हणे, पुरेसे भरले नाहीत.
मोजत आम्हीही होतो.
धुरीघरातल्या दोरीवर आमची मोजणी टांगलेली असायची.
दोरी दरसाल मोकळी होत चालली होती
आणि ते आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो.

योउना होता तेव्हा होडी तो धरायचा,
प्रवाहात जागच्या जागी, वल्ह्याच्या दोन बोटं हालचालीनं.
बोलायचा कमी. एकदा म्हणाला,
‘सामन नदीत शिरला की काही खात नाही, रिस्तेन.
समुद्रातच जेवून येतो. इथे पोट मिटून चढतो.
मग तुझी माशी का धरतो?’
भूक, मी म्हटलं. सवय.
‘छे. नाकावर माशी बसू देत नाही तो.
एवढंच.’
आणि स्वतःशीच हसला, कारण तोही तसलाच.

वेडर चढवते. उजव्या गुडघ्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
त्या गोल खडकाला आम्ही पाद्र्याचं बूड म्हणतो;
त्याच्या खाली पाणी जरा थांबतं,
काळं होतं, मग पुढे जातं.
पाणी मांड्यांपर्यंत. डास कानांपर्यंत.
दोरी मागे जाते,
पाठीमागच्या उजेडात सरळ होईपर्यंत थांबायचं,
घाई केली की सगळं आपल्याच टोपीवर.
थांबते.
पुढे.

माशी पाण्यावर आडवी वाहत जाते, बुडते,
काठाकडे वळताना तिला जरा जीव येतो.
एकदा. दहादा. मोजणं सोडते.

आणि मग ओढ.
मनगटात नाही, पार खांद्याच्या सांध्यात,
जिथे पावसाआधी दुखतं तिथे.
रीळ दोनदा करकरतं.
पाण्यावर परातीएवढी एक पाठ उलटते
आणि दोरी सैल.
तो गेला वर,
त्याच्या जन्माच्या खडीकडे,
तोंडात काहीही न रुतता.

मी तिथेच उभी. पाय कापताहेत, म्हणू दे कुणी थंडीनं.

मोटारबोटीचा आवाज. साम्मोल,
छातीवर सरकारी बिल्ला, वय तिशीच्या आत.
पहिली माशी यानं माझ्या टेबलावर बांधली होती,
अंगठ्यातून रक्त काढून.
‘दाखव,’ म्हणतो. डोळे माझ्याकडे नाहीत.
तळहातावर ठेवते.
तो ती उलटी करतो, सुलटी करतो,
बोटानं टोक चाचपतो, जे नाही.
‘यानं काय धरणार?’
काही नाही.
‘याला कलम कुठलं लावू?’
ते तू बघ.

वही काढतो. पेन थंडीनं लिहीत नाही,
किंवा तो लिहीत नाही.
वही परत खिशात.
मग अगदी हळू, बिल्ल्यावर हात ठेवून जणू,
विचारतो, ‘केवढा होता?’

मी दोन्ही हात पसरते, खरं तेवढंच.
तो नावेतून वाकतो,
माझी मनगटं धरतो
आणि हात आणखी वीतभर लांब करतो.

वळणापासून बघत होता तर.

जाताना माशी टोपीत खोचायला गेला.
रुतायला काही नव्हतंच. पडली.
होडीच्या तळातलं पाणी चाचपून शोधली
आणि मला परत न देता
खिशात टाकली.