चारशे सतरा

ऑक्टोबरात पेरला की तो दोन बोटं वर येतो
आणि थांबतो.
मग बरगानच्या सपाटीवर क्रिवत्स सुटतो,
माणसाच्या तोंडातलं वाक्य अर्ध्यावर कापणारा वारा.
बर्फ पडला तर बरं.
नाही पडला तर जमीन उघडी,
आणि रोपाचा जीव मातीखाली बोटभर खोल,
थोडी साखर गोळा करून बसलेला.
झोपलाय म्हणू नका, पारास्कीवा म्हणायची,
झोपला तो मेला.
हा जागा आहे. मोजतोय.

केंद्रावर मी नवी होते, तेव्हा एकदा
हट्टानं मार्चमध्ये पेरला.
जूनपर्यंत हिरवागार, दाट, जमिनीला धरून पसरलेला,
शेळीनं खूश व्हावं असा.
ओंबी एकही नाही.
पारास्कीवा हसली नाही.
गारठा त्याच्या हिशोबात धरलेला असतो, बाई,
तो तुम्ही वगळलात.

मे महिन्यात संकर.
बुटक्या स्टुलावर बसून ओंबी दोन बोटांत धरायची,
एकेका फुलातले तीनही परागकोश चिमट्यानं काढायचे
हिरवे आहेत तोवर.
पिवळे दिसले की उशीर झाला.
तिची बोटं बीट उपटून उपटून सुजल्यासारखी जाड,
पण फूल चिरडलेलं मी पाहिलं नाही.
वर कागदी टोपी, टाचणी,
आणि पेन्सिलीनं आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं.

आई इथलीच, उंच, तांबूस कुसळांची,
थंडीला न भिणारी, पण जूनच्या वादळात आडवी होणारी.
बाप पाकिटातून आलेला, बुटका, ताठ,
एका उघड्या जानेवारीत शंभरातला तिसराच उरलेला.
लेकरांनी दोघांचं चांगलं तेवढं घ्यावं
अशी आमची योजना.
लेकरं योजना वाचत नाहीत.
कुणी आईसारखी लोळली, बापासारखी गारठून गेली,
कुणाला पिवळा तांबेरा, कुणाचं दाणं ओंबीतच मोड आलेलं.
दरवर्षी वहीत रेघा मारायच्या.
सहाव्या पिढीपर्यंत माझ्या हाताला
नाही म्हणायची सवय लागली होती.

लाकडी खोक्यांत रोपं, खोली उणे सोळा अंशांवर,
मग तीन आठवडे नुसतं बघायचं
कोण पुन्हा पान काढतं.
चारशे सतरानं सगळ्यांनी काढलं.
लोळली नाही. तांबेरा नाही. दाणा कडक, काचेसारखा.
अकरा वर्षं झाली होती.
माझ्या डोक्यात वाणाचं नावसुद्धा तयार होतं,
ते आता सांगत नाही.

प्रयोगशाळेतल्या गावरिलनं पाव भाजला
आणि टेबलावर ठेवला.
पाव कसला, टोपी.
त्यानं सुरीच्या मुठीनं तो ठोकून दाखवला
आणि मग ओशाळून सुरी लपवली.
चिकटपणा नाही, म्हणाला, वारा धरत नाही पीठ.
मी रेघ मारली. सवय होतीच.

उरलेलं अर्धं पोतं पारास्कीवानं मागून नेलं.
तिच्या नवऱ्याचा चाळिसावा दिवस होता.
मेलेल्यांसाठी इथे गहू शिजवतात, कोलिवा,
नऊ पाण्यांनी धुऊन, अक्रोड, मध,
वर पिठीसाखरेचा पांढरा थर.
दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर माझ्या टेबलावर ठेवला.
बघा, फुटला नाही एकही.
तीन तास उकळला, तरी दाणा न् दाणा वेगळा.
मी चमच्यानं मोजल्यासारखं खाल्लं.
गोड होतं. दाताखाली नीट लागत होतं.
इतक्या वर्षांत
माझ्या गव्हाची चव मी घेतलीच नव्हती.

मग शेजारच्या तीन गावांतून बायका यायला लागल्या,
पिशवी पदराआड धरून, जणू चोरीचा माल.
आमच्या नोंदवहीत या गुणाला रकाना नाही.

पारास्कीवाला जाऊन दोन वर्षं झाली.
तिच्यासाठी कुठला गहू शिजला, ते विचारू नका,
विचारायचं काही नाही त्यात.
कुंपणालगत मी दरसाल चार ओळी पेरते,
कागदावर नसलेल्या.

यंदा बर्फ आलाच नाही.
आज उकिडवं बसून नखानं माती उकरली.
वर पानं जळून गवताच्या रंगाची,
बोटभर खाली पांढरं, टणक काहीतरी.
हात लावला नाही.
त्याचा आकडा चुकला असता.