झाकणावरचं पाणी

रविवारी सकाळी जत स्टँडामागं
इलाही मुलाण्याच्या दुकानात उभा राहिलो
तेव्हा कळलं, मला नुसतं 'अर्धा किलो' म्हणता येतं.
"मास्तर, सीना देऊ का मांडी?"
एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
मिरजेपर्यंतचा थांबा न् थांबा पाठ,
बोकडाच्या अंगावरचा एकही नाही.

घरी राजाक्का कॉटवर. डावं अंग अजून झोपलेलं.
नाक मात्र ड्युटीवर.
"कांदा कच्चा हाय अजून," आतल्या खोलीतून.
"खोबरं काढा, करपंल."
करपलंच.
"आता झाकणावर पाणी ठेवा. गार न्हाई घालायचं आत.
तेच ऊन झालं की वता."
ठेवलं. पाणी थरथरायला लागेस्तोवर
दोघंही गप्प.

हिनं जन्मभर मटण केलं, परसातल्या चुलीवर,
वेगळ्या पातेल्यात, मीठसुद्धा वाफेवर ओळखून.
जिभेला कधी लावलं नाही.
खात नाही, एवढंच मला ठाऊक.
का, ते आज विचारलं, हळदीच्या बोटांनी.

पंख्याकडं बघत म्हणाली,
"लगीन झाल्यावरची पहिली जत्रा. खाणारी चौदा.
माझी पाळी आली तवा पातेल्यात
तमालपत्र आणि पळी.
सासूबाई वरमल्या. म्हणून म्हटलं, मी खातच न्हाई.
एकदा म्हटलं, ते नावच पडलं."

तिकिटामागं लिहून दिलेले सुट्टे
उतरताना विसरून जाणारी माणसं
मी शेकड्यानं पाहिली.
संध्याकाळी हिशेबात
पैसे जास्त भरायचे.

भाकरी कुस्करली, रस्सा ओतला,
नळी ताटलीवर ठोकून मगज काढला,
चालत्या बाजूच्या गालात एक मऊ फोड ठेवली.
ती चावत राहिली.
कुकरची शिट्टी शेजारच्यांकडं दोनदा झाली.
मग म्हणाली, "ह्याच्यासाठी एवढा दंगा करत हुता व्हय
तुम्ही समदी?"

उरलेलं मी एकट्यानं संपवलं.
चटणी जास्त झाली होती.

बुधवारी गोळ्या देताना तिनं विचारलं, आज वार कोणता.
शुक्रवारी पुन्हा.
शनिवारी रात्री, दिवा मालवल्यावर, अंधारातून,
"मुलाण्याला सीना सांगा. मांडी चिवट हुती.
आणि मीठ..."
"कमी पडलं?"
"आपण दोघंच हाय आता.
चौदा जणांचं कशाला घालता?"