शेवटचा भाव

साठ रियाल लिहिले होते.
"लास्ट प्राइस?" ना नाव, ना नमस्कार.
"पंधरा. आत्ता येतो."
एकाने तर दहा आणि वर जुना टोस्टर.

मी उत्तरं देणंच सोडलं.
अ‍ॅम्प्लिफायरवर फडकं टाकून
रुवीच्या खोलीत खोकी बांधत बसलो.

रात्री दाद करीम आला, वीसवाला.
चहा नको म्हणाला. कान लावला.
"डावीकडे घरघर आहे."
अकरा वर्षं मी ती
एसीची समजत होतो.

झाकण उघडून, खिशातल्या ब्रशने
त्याने चिमूटभर वाळू काढली,
नॉब दोनदा पिळला,
आणि तानपुऱ्याची खर्जाची तार
पहिल्यांदा घरी आली.

"आता ऐंशीचा झाला," म्हणाला,
"मला नाही झेपायचा."

जिना उतरताना
त्याचा डावा पाय, उजवा पाय
वेगवेगळे ऐकू आले.