डुप्लिकेट चावी पाच मिनिटांत

मालिकेच्या दोनशे बाराव्या भागात
मृण्मयी जहागीरदार रविवार कारंजावरून चालत जाते,
पदरानं डोळे पुसत, हातात निळी पिशवी,
आणि तिच्या पाठीमागं तीन सेकंद
स्वच्छ वाचता येते माझी पाटी :
खैरनार की-मेकर्स. डुप्लिकेट चावी पाच मिनिटांत.

म्हणजे माझं दुकान तिथंही आहे.
आणि दुकान आहे तर आत मी असणार.
आहेच. खाली मान, हातात कानस.
(मामा, वर बघायचं नाही, शूटिंगवाल्या पोरानं दम दिला होता.)
आणि मी आहे
तर माझी बहीण असली पाहिजे.

इथं अडतं.
कारण मृण्मयीचं काम करायची ती माझी चारूताई,
चारुशीला पुंडलिक खैरनार, सिडको, सहावी स्कीम.
तिथल्या चारूताईला मग कुठला चेहरा दिला असेल?
हाच दिला असेल तर भाजीबाजारात रोज कुणीतरी अडवत असेल,
अगंबाई, जहागीरदारांची सून आणि मेथीला घासाघीस करते!
की तिथं ताई झालीच नाही?
मग मला सायकल कुणी शिकवली,
सातपूरच्या उतारावर पाठीमागून हात कुणी सोडला?
तिथल्या माझ्या गुडघ्यावर ही खूण आहे का?
मान खाली असल्यामुळं
भागात गुडघा दिसत नाही.

आणि साडेआठला काय लागतं त्यांच्याकडं?
जहागीरदारांच्या दिवाणखान्यात भला मोठा टीव्ही आहे,
कधीच चालू नसतो. मी लक्ष ठेवून आहे.
त्या नाशकात साडेआठ ते नऊ
एक भोक असणार.
लोक जेवत असतील. किंवा गच्चीवर जाऊन
थंडीत हात चोळत उभे राहत असतील,
काहीतरी बघायचं राहून गेलंय असं वाटून.

ताईला फोनवर विचारलं तर म्हणाली,
तुला गिऱ्हाईक नाही का रे आज?

मग पैशांवरून बिनसलं. चार महिन्यांचा चेक.
एका सोमवारी पडद्याच्या तळाशी अक्षरं सरकली,
आजपासून मृण्मयीच्या भूमिकेत,
आणि डोंबिवलीची एक चांगल्या दातांची मुलगी
ताईच्याच साडीत जिना उतरून आली.
सासूनं तिच्याकडं चहा मागितला.
नवऱ्यानं नावानं हाक मारली.
त्यांचा तो पांढरा कुत्रासुद्धा भुंकला नाही.
आमची आई उठली, टीव्हीचं बटण दाबून म्हणाली,
मेल्यांना कळत कसं नाही?

मी मात्र रात्रभर दुसराच हिशोब मांडत होतो.
चेहरा मोकळा झाला होता.
त्या नाशकात आता तो कुणाचाच नव्हता.
आता ताई तिथं सीबीएसला उतरू शकत होती,
पिशवी काउंटरवर आदळून
चहा सांग म्हणू शकत होती
त्या खाली मान घातलेल्या माणसाला,
जो दोनशे बारा भाग एकुलता एक होता.

तिथलं माहीत नाही. इथं आली.
बसते गल्ल्यावर, पावत्या लिहिते,
अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

परवा कॉलेज रोडच्या एक बाई आल्या,
कपाटाची किल्ली हरवलेली, दुसरी आणलेली.
मशीन लागेस्तोवर ताईकडं बघत राहिल्या.
म्हणाल्या, तुम्ही त्या आधीच्या मृण्मयीसारख्या दिसता हो.
जरा अंगानं भरलेल्या.
ताईनं पावती फाडली.
हो, म्हणतात बरेच जण.
बाईंनी दोन्ही किल्ल्या उजेडात धरल्या,
यातली माझी कुठली?
मग पर्स उघडता उघडता,
बिचारी कुठं गेली असेल ना ती, कुणाला ठाऊक.
बरी असेल, ताई म्हणाली. साठ रुपये.

मी कानस थांबवली
आणि वर बघितलं.
कुणी नको म्हणालं नाही.