अष्टामोडजवळ केबल तुटली तेव्हा

उदगीरच्या डाळ मिलच्या ऑफिसात
तिजोरीवर बसवला मी तो डबा,
पंचांगाएवढा, पाठीला सात भोकं.
दोन भोकं बाहेरच्या जगाची :
एकात फायबर, रस्त्याकडेनं लातूरहून आलेली,
दुसऱ्यात सिमचं डोंगल, अडीअडचणीला.
बाकीची घरची. फोन, काँप्युटर,
आणि वजनकाट्याचा लाल आकडा.

मन्मथअप्पा हुडगे, मुनीम, चाळीस वर्षं इथंच,
खुर्ची ओढून शेजारी बसले.
"सांगूलालास तरी काय ह्याला एवढं?"
रांग लावून देतोय, अप्पा.
वाट अरुंद. आवाज आधी जाईल,
मग बिलं, मग गेटावरचा कॅमेरा,
शेवटी मालकाच्या पोराचे पिक्चर.

"आवाजाचं एवढं लाड कशापायी?"
म्हटलं, बिलाचा तुकडा हरवला
तर पुन्हा मागवता येतो,
कुणाला पत्ताही लागत नाही.
शब्द उशिरा आला तर ठेवायचा कुठं?
त्याची जागा तोवर बुजलेली असते.

अप्पांनी चष्मा कपाळावर सारला.
"सौद्यातबी तसंच की.
तुरीचा भाव अर्ध्या श्वासानं मागं राहिला
की माल दुसऱ्याच्या गाडीत."
कंपनीच्या पुस्तकात याला दीड पान लागलंय.

लातूरच्या शाखेपर्यंत मी एक बोगदा पाडून दिला,
दोन्ही तोंडांना कुलपं.
बाहेरून बघणाऱ्याला सगळं ऑफिस
एकाच पत्त्याचं दिसतं आता,
कुणीही शिंकलं तरी मिलच्या नावावर.
अप्पांना हे फार आवडलं. दोनदा सांगायला लावलं.

माघात, बाजार भरात,
अकरा चाळीसला अष्टामोडजवळ
जेसीबीनं मातीत एक दात घातला.
डब्यानं बाहेर हाक मारली. ओ नाही.
पुन्हा मारली. पुन्हा.
मग सिमवर गेला.
आठ सेकंद. मीच लिहिलेले :
घाईनं वाट बदलू नको, तीनदा विचार.

त्या आठ सेकंदांत सुलोचना बिडवे
लातूरच्या यार्डातून विचारत होती,
दोनशे क्विंटल, ह्या भावानं, घेऊ का?
अप्पा इकडं "हॅलो, हॅलो",
मग तेही थांबले, ऐकत, काहीच न येणारं.
तिला वाटलं, अप्पा गप्प आहेत.
आणि अप्पा गप्प म्हणजे हो,
हे यार्डातलं हमालाचं पोरगंही सांगेल.

आवाज परत आला तेव्हा ती म्हणत होती,
"बरं, लिहून घेतलं."

संध्याकाळी मला बोलावणं.
मालक म्हणाले, डब्यात बघ कोण काय बोललं.
मी नोंद काढली, मोठ्यानं वाचली :
अकरा चाळीस बारा, पहिली वाट बंद.
अकरा चाळीस वीस, दुसरी वाट चालू.
"मधी?"
मधे काही नाही.
तो आवाजाला पुढं सोडतो, मालक,
तोंडाकडं बघत नाही.

क्विंटलमागं नव्वद. अठरा हजार.
मालक हिशेब मनात न करता
कॅल्क्युलेटरवर करत राहिले, दोनतीनदा.
अप्पांनी लातूरला फोन लावला.
"सुलोचनाबाई, आजपून
'हो' ऐकू आल्याबिगर हो समजू नका.
मी मेलो असलो तरी."
तिकडं ती हसली असावी, अप्पांचा कान हलला.

मग माझ्याकडं वळले. आठाचे तीन कर.
म्हटलं, तीन केले तर वाऱ्यानं तार हलली तरी
हा इकडून तिकडं उड्या मारेल,
सिमचा पैसा जाईल ते वेगळंच.
"मग बोल की तुझं."
सात.
अप्पा काही बोलले नाहीत.
गळ्यातला रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला,
खाली हात घातला, जसा बैलबाजारात घालतात,
आणि माझी बोटं धरली. पाच.
मीठ-मिरचीनं फुटलेला, खरखरीत हात.
मी अंगठा दाबला : सहा?
त्यांनी पुन्हा पाचही बोटं धरली,
ह्या खेपेला जरा जोरात.

मालक विचारत होते, काय ठरलं, काय ठरलं.
रुमाल अजून तसाच होता.
मी डाव्या हातानंच पाच टाईप केलं.